आरापाहो क्रियापदाचं "नाही" आणि "का?" सारखं चुकतंय? होकारी वाक्यापासून सुरुवात करू नका

आरापाहो, म्हणजे अमेरिकेतल्या आरापाहो या मूळ रहिवाशांची भाषा, शिकायला घेतलेल्या मराठी माणसांची एक तक्रार ठरलेली असते, की "मला माहीत आहे" जमतं, "मी बघतोय" जमतं, पण त्याचंच "नाही" करायला गेलं की अख्खा शब्द बिघडतो, आणि "तुला माहीत आहे का" असं विचारायला गेलं की अजूनच बिघडतो. एकदा दुरुस्त करून घेतलं तरी पुढच्या क्रियापदाला परत तेच. पाठांतर कमी पडतंय असं वाटून लोक अजून शब्द पाठ करत बसतात, पण गडबड पाठांतराची नाहीये, शब्द बांधायला जिथून सुरुवात करतोय ती जागाच चुकीची आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी लिपीचं सांगते. आरापाहोची लिपी रोमन आहे, इथे मी शब्द देवनागरीत अक्षराला अक्षर असे उतरवलेत. आपल्याकडे ए आणि ओ ला ऱ्हस्व-दीर्घ जोडी नाही, त्यामुळे दीर्घ असेल तिथे दोनदा लिहिलंय, एए, ओओ. शब्दात मध्येच ' दिसेल तो गळा क्षणभर बंद करून सोडायचा आवाज आहे, ते पूर्ण व्यंजन आहे, सजावट नाही. आणि त्यांच्या लिपीत ३ हा आकडा अक्षर म्हणून वापरतात, इंग्रजी 'थिंक' मधल्या आवाजासाठी, तो मी थ असा लिहिलाय. स्वरांची उंची दाखवणाऱ्या खुणा मात्र सोडल्यात, त्या ऐकूनच शिकाव्या लागतात.

आता चूक नेमकी कशी दिसते ते बघा. "मला ते माहीत आहे" म्हणजे हेए'इनोवोओ. कुणीतरी सांगितलेलं असतं की नकाराचा तुकडा होओवु-, मग माणूस सरळ तो पुढे चिकटवतो आणि होओवु-हेए'इनोवोओ असं काहीतरी तयार होतं. बरोबर रूप आहे नेइहोओवोए'इन. दोन्ही शेजारी ठेवली की वाटतं हे क्रियापदच वेगळं आहे, पुढे काहीतरी नवीन आलंय, शेवटचं -ओवोओ गायब झालंय, मधलं हेए पण आखूड झालंय. पण क्रियापद तेच आहे, फक्त त्याला दुसरा संच लागलाय.

कारण इथेच आहे. आरापाहोत क्रियापदाला प्रत्यय लावायचे चार संच आहेत. साधं होकारी विधान करायचं तर एक, नकार आणि प्रश्न यांच्यासाठी दुसरा, आज्ञेसाठी तिसरा, आणि "जेव्हा", "म्हणून" अशा पोटवाक्यांसाठी चौथा. व्याकरणवाले त्या दुसऱ्याला नॉन-अफर्मेटिव्ह म्हणतात, आपण बिनहोकारी म्हणूया. होकारी संचात "मी", "तू", "तो/ती" हे सगळं शब्दाच्या शेवटी कळतं, म्हणजे कर्म न घेणाऱ्या क्रियापदाला मी साठी -नोओ, तू साठी -न, तो/ती साठी बहुतेक वेळा -त. बिनहोकारी संचात मी आणि तू शब्दाच्या तोंडाशी येतात, ने- म्हणजे मी, हे- म्हणजे तू, आणि एकवचनात शेवट रिकामा. त्यामुळे होकारी रूप तसंच ठेवून पुढे नकार लावला की शेवटी होकाराची शेपटी लोंबत राहते, आणि कुणी हुशारीने पुढे ने- पण लावलं तर एकाच शब्दात "मी" दोनदा येतो.

हे आपल्याला परकं वाटायचं काहीच कारण नाही. मराठीत "मी जातो" चं नकारार्थी "मी जातो नाही" असं आपण करतो का? नाही करत, "जात नाही" म्हणतो, म्हणजे जातो मधला शेवटचा ओ काढून टाकतो, आणि "तू जातोस" असेल तर त्यातला स् नाहीच्या अंगाला लागतो, "जात नाहीस". नव्याने मराठी बोलणारा माणूस "मी जातो नाही" म्हणाला की आपल्या कानाला जे खटकतं, तेच होओवु-हेए'इनोवोओ ऐकून आरापाहो आजी-आजोबांना खटकत असणार. तेव्हा होकारी शब्दाला हात न लावता नुसतं "नाही" जोडायची सवय आपण बहुतेक इंग्रजीतून आणतो, मराठीतून नाही, आणि या बाबतीत मराठी डोकं चालवलं तर जास्त फायदा होतो.

उपाय एकच आहे, होकारी वाक्यापासून नकार बनवायचाच नाही, मूळ धातूपर्यंत मागे जायचं आणि तिथून नकार वेगळा बांधायचा. माहीत असणे हेच क्रियापद घेऊन करून बघू. हेए'इनोवोओ मधली शेपटी -ओवोओ आहे, ही "मी, ते (निर्जीव वस्तू)" अशा जोडीची शेपटी. हेए'इनोव म्हणजे तुला माहीत आहे, हेए'इनो' म्हणजे त्याला किंवा तिला माहीत आहे, तिन्ही शेजारी ठेवले की शेपट्या आपोआप वेगळ्या पडतात आणि हाताशी उरतं हेए'इन. पण हा अजून धातू नाही, त्याचा पहिला स्वर लांबवलेला आहे, आणि शब्दाच्या तोंडाशी दिसणारा ह पण नुसता आधाराला आलेला आहे, पुढे काही जोडलं की तो जातो. लांबवलेला स्वर परत आखूड केला की ए'इन मिळतं. आता पुढून बांधायला घ्या. मी साठी नकाराचा जोड तुकडा नेइहोओवु-, तू साठी हेइहोओवु-, तो/ती साठी नुसता होओवु-. त्याला ए'इन जोडलं की सांध्यावर उ आणि ए मिळून ओए होतं, नेइहोओवोए'इन, मला माहीत नाही. हेइहोओवोए'इन, तुला माहीत नाही. होओवोए'इन, त्याला माहीत नाही. शेवट तिन्हीकडे एकच, बदलतं ते फक्त तोंड. माझ्या मते हे तीन शब्द रोज म्हणावेत इतके उपयोगाचे आहेत, एकतर खरोखर सारखे लागतात, आणि दुसरं म्हणजे नव्या क्रियापदाला साचा म्हणून हेच चालतात.

तो स्वर लांबवायचा प्रकार अर्ध्याहून जास्त चुकांच्या मागे असतो म्हणून त्यावर थोडं थांबते. आरापाहोत चालू असलेली किंवा नुकतीच झालेली गोष्ट होकारात सांगताना, पुढे काळाचा वगैरे तुकडा नसेल, तर धातूच्या पहिल्या अक्षरात बदल होतो. पहिला स्वर ऱ्हस्व असेल तर तो दीर्घ होतो, आणि मुळातच दीर्घ असेल तर त्याच्या आधी -एन- किंवा -ओन- घुसतं. ए'इन चं हेए'इन झालं ते पहिल्या नियमाने. दुसऱ्या नियमाचं उदाहरण म्हणजे ती वस्तू बघणे, धातू नोओहोओत, पण "मला ते दिसतंय" म्हणताना नोनोओहोओतोवोओ. सुरुवातीचं ते जास्तीचं नो बघितलंत? तो धातूचा भाग नाहीच. हा बदल बिनहोकारी रूपात होत नाही. त्यामुळे नकार करताना शेपटी काढली पण नोनोओ- तसंच ठेवलं तर शब्द अर्धा सुधारतो आणि अर्धा चुकतो, ही चूक पकडायला सगळ्यात कठीण कारण शेवट बरोबर दिसत असतो. तुकडे असे हवेत: नेइहोओवु + नोओहोओत. जोडताना सांध्यावरचे स्वर थोडे इकडेतिकडे होतात, ते प्रत्येक क्रियापदाचं ऐकून घ्यावं.

इथे एक व्यावहारिक अडचण येते. शिकायच्या पुस्तिकांमध्ये बहुतेक वेळा पूर्ण होकारी शब्दच दिलेले असतात, धातू दिलेला नसतो, त्यामुळे वहीत उतरवताना होकारी शब्दाशेजारी लगेच धातू लिहून ठेवायची सवय लावा, आणि खात्री नसेल तर कोलोराडो विद्यापीठाने तयार केलेला ऑनलाइन आरापाहो शब्दसंग्रह आहे त्यात बघा. शोधताना शब्दातला ' आणि ३ नीट टाइप होतोय ना ते तपासा, मोबाईलचा कीबोर्ड सरळ खुणेच्या जागी वाकडं अवतरणचिन्ह टाकतो आणि मग शब्द असूनही सापडत नाही.

तो खुणेसारखा दिसणारा ' भूतकाळात तर फारच महत्त्वाचा. होकारात भूतकाळाचा तुकडा निह्- असतो. बिनहोकारी रूपात त्यातला न जातो, इह्- राहतं, आणि ने- ला ते चिकटून नेइह्- होतं. त्यात नकार मिसळला की नेइह्'ओओवु-. आता हे वर्तमानातल्या नेइहोओवु- शेजारी ठेवून बघा. नेइहोओवोए'इन म्हणजे मला माहीत नाही, नेइह्'ओओवोए'इन म्हणजे मला माहीत नव्हतं. फरक एका गळ्याच्या झटक्याचा. लिहिताना तो खाल्ला तर काळच बदलतो. तिसऱ्या पुरुषात हे होओवु- आणि हिह्'ओओवु- असं दिसतं, जुन्या गोष्टी, आठवणी वाचायला घेतल्या की हे हिह्'ओओवु- पानोपानी भेटतं, तेव्हा ओळखीचं करून ठेवलेलं बरं.

तिसऱ्या पुरुषाबद्दल अजून एक. ने- आणि हे- एकदा अंगवळणी पडलं की तो/ती साठी पण पुढे काहीतरी असणारच असं वाटतं, कारण नामांमध्ये तसं असतं, नेइसोनोओ म्हणजे माझे वडील, हेइसोनोओ म्हणजे तुझे वडील, आणि त्याचे/तिचे वडील म्हणताना पुढे हि- येतं. क्रियापदातले ने- हे- आणि नामातले हे ने- हे- एकसारखेच आहेत, ही ओळख लक्षात ठेवायला खूप कामाची आहे, पण ती तिसऱ्या पुरुषापर्यंत ओढू नका. आत्तापर्यंत ज्या प्रकारची क्रियापदं घेतली, म्हणजे ज्यांना कर्म नाही किंवा कर्म निर्जीव वस्तू आहे, त्यांच्यात तो/ती एकटा असेल तर पुढे काही येत नाही, सरळ होओवु- ने सुरुवात.

आता प्रश्न. हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला कोओ- हा तुकडा लागतो आणि तो सगळ्यात पुढे, पुरुषाच्याही आधी. मराठीत आपण वाक्य जसंच्या तसं ठेवून शेवटी "का" लावतो, "तुला माहीत आहे" आणि "तुला माहीत आहे का", क्रियापदाला धक्का लागत नाही, म्हणून इथे मात्र मराठी सवय आडवी येते आणि लोक कोओ-हेए'इनोव असं करतात. कोओ- आला की संच बदललाच पाहिजे. म्हणजे कोओ, मग हे (तू), मग ए'इन, आणि शेवट रिकामा. भूतकाळात विचारायचं तर कोओ, हे, इह्, मग धातू. तो किंवा ती बद्दल विचारायचं तर हे- गाळायचं. क्रम विसरत असाल तर हे धरा, की कोओ- च्या आधी काहीच येत नाही, ने- हे- सुद्धा नाही. आणि नुसता आवाज चढवून प्रश्न विचारायचा, जसं आपण "येतोयस?" म्हणतो, तो मार्ग इथे धरू नका, कारण आरापाहोत आवाजाची उंची शब्दातच ठरलेली असते, कुठला स्वर चढा कुठला उतरता यावर शब्दाचा अर्थ अवलंबून असू शकतो. कुठे, कसं असं विचारणारे बरेचसे प्रश्नही याच बिनहोकारी संचात जातात.

हीको या शब्दावरून पण घोळ होतो. हीको म्हणजे "नाही", पण फक्त उत्तरातलं नाही, कुणी काही विचारलं आणि आपण "नाही" म्हणालो ते. आपल्या मराठीत "नाही" दोन्ही कामं करतं, उत्तरालाही तेच आणि "जात नाही" मध्येही तेच, म्हणून आपली माणसं होकारी वाक्य बोलून शेवटी हीको लावून मोकळी होतात. हीको क्रियापदाला नकारार्थी करत नाही. हीको म्हणून थांबायचं, आणि मग हवं तर पुढे नेइहोओवोए'इन असं पूर्ण नकारार्थी क्रियापद म्हणायचं.

बरं, होओवु- सगळीकडे चालतं का? नाही, आणि इथे परत मराठी मदतीला येते. आपण "बसत नाही" म्हणतो, पण हुकूम करताना "बसू नको", आणि पोटवाक्यात "न बसता", "न आल्यामुळे". तीन ठिकाणी तीन वेगळे नकार. आरापाहोतही तसंच आहे. मुख्य वाक्यातल्या विधानाला होओवु-, आज्ञेला चीबेह्-, आणि पोटवाक्याला ची-. चेएनोकु म्हणजे बस, खाली बस. बसू नको म्हणायचं तर त्याच्या पुढे चीबेह्- लावायचं, बाकी आज्ञेचंच रूप ठेवायचं, ने- हे- लावायचं नाही. आज्ञेत होओवु- घालून बघणारे बरेच असतात. "तो आला नाही म्हणून", "मला कळलं नाही तेव्हा" अशा पोटवाक्यात ची- येतो आणि तिथे चौथ्या संचाचे प्रत्यय लागतात, बिनहोकारी नाही. नाही, नको, न हे तीन मनाशी धरले की होओवु-, चीबेह्-, ची- कुठे घालायचं ते फारसं चुकत नाही.

मग आरापाहोने होकारालाच वेगळा संच का दिला असेल? ही अल्गोंक्वियन या उत्तर अमेरिकेतल्या भाषाकुळातली भाषा, क्री, ब्लॅकफूट, शायेन या तिच्या नात्यातल्या. क्रीमध्ये साध्या होकारी विधानातच "मी" पुढे येतो, नि- असा, आणि नकाराला नमोया हा वेगळा शब्द पुढे ठेवला की झालं, क्रियापद तसंच राहतं. शायेनमध्येही मी साठी ना-, तू साठी ने- पुढेच. म्हणजे कुळाची जुनी रीत पुढे पुरुष लावायची होती. आरापाहोत काय झालं, की जो संच मुळात पोटवाक्यांचा होता, शेवटी प्रत्यय लावायचा, तो मुख्य वाक्यातल्या होकारात शिरला आणि तिथेच बसला, आणि जुना पुढे लावायचा संच नकार, प्रश्न अशा ठिकाणी टिकून राहिला. त्यामुळे नेइहोओवोए'इन हे विचित्र अपवादात्मक रूप नाहीये, उलट तेच घरचं जुनं रूप आहे, आणि हेए'इनोवोओ नंतर आलेलं. मला हे कळणं फार मोलाचं वाटतं, कारण मग नकारी रूप "होकाराचं बिघडवलेलं रूप" वाटायचं थांबतं आणि त्याला स्वतःचं घर आहे हे डोक्यात बसतं.

या जुन्या संचाचं अजून एक काम आहे आणि ते माहीत नसलं तर गोष्टी वाचताना हमखास गोंधळ होतो. पूर्वापार सांगत आलेल्या कथांमध्ये क्रियापदाला हे'इह्- हा तुकडा लागतो, "असं झालं म्हणे" या अंगाने, आणि त्याच्या मागे येणारं क्रियापद बिनहोकारी संचात असतं. त्यात नकार काही नसतो! शेवट रिकामा दिसला म्हणून शिकणारे त्याचा अर्थ "नाही" असा लावतात आणि गोष्टीत नायक शिकारीला गेला होता की गेलाच नव्हता हेच कळेनासं होतं. नकार आहे की नाही हे शेवटावरून ठरवायचं नाही, होओवु- किंवा ची- आहे का ते बघायचं. बिनहोकारी संच एवढंच सांगतो की हे साधं डोळ्यासमोरचं होकारी विधान नाही.

आता अनेकवचन. आम्ही आणि आपण हा भेद आरापाहोत आहे, ज्यांची घरची भाषा मराठी त्यांना तो समजावून सांगायची गरज नाही, हिंदी-इंग्रजीवाल्यांना मात्र घाम फुटतो. होकारात आम्ही साठी -नि', आपण साठी -नो', दोन्ही शेवटी. नकारात गेलं की आम्ही साठी पुढे ने- आणि शेवटी -बे, तुम्ही साठी पुढे हे- आणि शेवटी तेच -बे. आपण साठी पुढे काय? लोक सवयीने ने- लावतात, कारण आपण म्हणजे त्यात मी आहेच. पण लागतं हे-. आपण मध्ये समोरचा पण आलाय, आणि समोरचा वाक्यात आला की पुढची जागा त्याचीच.

हाच नियम "मी तुला" च्या वाक्यांत पण चालतो, आणि तिथली चूक सगळ्यात उशिरा सुटते. नोनोओहोबेथेन म्हणजे मी तुला बघतोय, तू मला दिसतोयस. याचं नकारी करायला घेतलं की बघणारा मी, म्हणून हात आपोआप नेइहोओवु- कडे जातो. तिथे हेइहोओवु- पाहिजे. "मी तुला बघत नाही" आणि "तू मला बघत नाहीस" दोन्ही हे- नेच सुरू होतात, कोण कोणाला बघतंय ते शेवटच्या प्रत्ययावरून कळतं, म्हणजे या क्रियापदांत शेवट रिकामा राहत नाही. तेव्हा सजीव कर्म असलेली क्रियापदं वरच्या माहीत असण्याच्या साच्यात कोंबू नका, त्यांचे बिनहोकारी प्रत्यय वेगळे पाठ करावे लागतात. आधी मी-तू, तू-मी एवढीच जोडी घ्या, दोन-चार क्रियापदांवर पक्की करा, तो-त्याला वाली रूपं त्याच्या नंतर घ्या. आणि अमेरिकेतल्या व्योमिंग राज्यातल्या विंड रिव्हर भागातल्या वडीलधाऱ्या बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग्ज जिथे मिळतील तिथे ऐका, हेइहोओवु- पुढे येऊन शेवटी काय येतंय तेवढंच कान देऊन ऐका, बाकी वाक्य पहिल्या वेळी कळलं नाही तरी चालेल.